‘आय-सेव्हन, सोळा जीबी, फुल सेट’ : पैसे देण्याआधी पार्टचं पूर्ण नाव विचारा

गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा एखादा मेसेज फिरत असतोच : ‘आय-सेव्हन कॉम्प्युटर, सोळा जीबी रॅम, पाचशे जीबी, चार जीबी ग्राफिक्स कार्ड, फुल सेट फक्त अठरा हजार. आजच बुक करा.’

घरात मुलगी बारावीला असते, नाही तर मुलाला टॅली शिकून कामाला लागायचं असतं. कुणाला बाजाराच्या गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान टाकायचं असतं. सोयाबीनचे किंवा दुधाचे पैसे नुकतेच हातात आलेले असतात. मेसेज वाचून वाटतं, एवढं सगळं अठरा हजारात? घेऊनच टाकू.

गंमत म्हणजे त्या मेसेजमधला एकही शब्द खोटा नसू शकतो. तरीही घेणारा फसतो, कारण त्यातलं प्रत्येक नाव अर्धं असतं. ‘आय-सेव्हन’ म्हणजे कुठल्या वर्षाचा? सोळा जीबी रॅम कुठली? पाचशे जीबी म्हणजे जुनी हार्ड डिस्क की एसएसडी? या प्रश्नांची उत्तरं मेसेजमध्ये नसतात.

पहिला कॉम्प्युटर जोडून घ्यायचा असेल तर इंजिनिअर असण्याची गरज नाही. कुठला पार्ट काय करतो आणि त्याचं पूर्ण नाव कसं वाचायचं, एवढं कळलं तरी निम्मं काम झालं. तेच आज एकेक करून बघू.

आधी काम ठरवा, मग कॉम्प्युटर

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न ‘बजेट किती?’ असा येतो. त्याआधी आपण घरीच ठरवायचं की यावर काम काय होणार.

ऑनलाइन फॉर्म, टायपिंग, टॅली, एमएस-सीआयटी, व्हिडिओ लेक्चर, एक्सेल एवढंच असेल तर साधा आय-थ्री किंवा रायझन थ्री प्रोसेसर, आठ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी पुरते. बॅनर डिझाइन, लग्नाचे फोटो, छोटे व्हिडिओ एडिट करायचे असतील तर रायझन फाइव्ह किंवा आय-फाइव्ह, सोळा जीबी रॅम आणि निदान ५०० जीबी एसएसडी हवी. मोठे गेम खेळायचे असतील तरच वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि तिथे खर्च एकदम वाढतो.

काम एका कागदावर लिहून खिशात ठेवा. दुकानदार ‘हे पण घ्या, ते पण घ्या’ म्हणायला लागला की तो कागद उपयोगी पडतो.

प्रोसेसर : ‘आय-सेव्हन’च्या पुढचा आकडा वाचा

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. बाजारात दोन कंपन्यांचे चालतात, इंटेल आणि एएमडी. इंटेलचे आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन आणि एएमडीचे रायझन थ्री, फाइव्ह, सेव्हन ही नावं सगळ्यांना माहीत असतात. पण खरी माहिती त्यापुढच्या आकड्यात असते.

आय-सेव्हन २६०० घ्या. पहिला आकडा २, म्हणजे दुसरी पिढी. हा प्रोसेसर २०११ सालचा. आता आय-थ्री १२१०० बघा. पहिले दोन आकडे १२, म्हणजे बारावी पिढी, साल २०२२. दोघांतही चारच कोअर आहेत, म्हणजे काम करणारे हात सारखेच. पण अकरा वर्षांत प्रोसेसर इतके सुधारले की हा ‘छोटा’ आय-थ्री त्या ‘मोठ्या’ आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. आय-सेव्हनच्या पुढे तीनच आकडे असतील, उदाहरणार्थ ८७०, तर तो पहिल्या पिढीचा, २००९च्या सुमाराचा.

नावाच्या शेवटी एखादं अक्षर असतं, तेही बघायचं. आय-थ्री १२१०० आणि आय-थ्री १२१००एफ हे दोन वेगळे प्रोसेसर आहेत. ‘एफ’वाल्यामध्ये चित्र दाखवणारा भाग, म्हणजे ग्राफिक्स, नसतो. तो थोडा स्वस्त पडतो म्हणून कुणी घेतो, घरी जोडतो, सगळे पंखे फिरतात आणि स्क्रीन काळीच राहते. मग वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागतं आणि वाचवलेल्या पैशांपेक्षा जास्त पैसे जातात. एएमडीमध्ये रायझन ५००० मालिकेपर्यंत याच्या उलट लक्षात ठेवा : नावाच्या शेवटी ‘जी’ किंवा ‘जीटी’ असेल तर ग्राफिक्स आत आहे. रायझन फाइव्ह ५६००जी चालेल, नुसता ५६०० घेतला तर कार्ड लागेल.

मदरबोर्ड : सगळे पार्ट जिथे जोडले जातात

मदरबोर्ड म्हणजे ज्याच्यावर बाकी सगळे पार्ट बसतात तो मोठा बोर्ड. कुठलाही प्रोसेसर कुठल्याही बोर्डवर बसत नाही. ज्या खाचेत प्रोसेसर बसतो तिला सॉकेट म्हणतात, आणि ते जुळलंच पाहिजे. आय-थ्री १२१००ला एलजीए १७०० सॉकेटचा बोर्ड लागतो, उदाहरणार्थ एच६१० चिपसेटचा. रायझन फाइव्ह ५६००जीला एएम४ सॉकेटचा बोर्ड लागतो, उदाहरणार्थ ए५२० किंवा बी५५०.

इथे एक सापळा आहे. एच६१ किंवा एच८१ चिपसेटचे बोर्ड आजही कोरे, बॉक्समध्ये मिळतात. दुकानदार ‘नवा बोर्ड’ म्हणतो आणि ते खरंही असतं. पण एच६१वर इंटेलची दुसरी-तिसरी पिढी बसते आणि एच८१वर चौथी. म्हणजे बोर्ड नवा, त्यावरचा प्रोसेसर मात्र दहा-बारा वर्षं वापरलेला. एच६१ आणि एच६१० यात फरक फक्त एका शून्याचा वाटतो, पण काळाचा फरक दहा वर्षांहून जास्त आहे. बिलावर ते शून्य आहे का, नीट बघा.

बोर्ड घेताना आणखी तीन गोष्टी विचारा. रॅमच्या खाचा किती? निदान दोन हव्यात, म्हणजे पुढे वाढवता येते. एम-डॉट-टू एसएसडीची जागा आहे का? आणि वायफाय आहे का? स्वस्त बोर्डमध्ये वायफाय नसतं. तेव्हा वेगळा छोटा वायफाय डोंगल घ्यावा लागतो. तोवर मोबाइल यूएसबी केबलने जोडून, मोबाइलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू केलं की नेट मिळतं.

रॅम आणि एसएसडी : खळं आणि कोठार

या दोन गोष्टींत सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण दोन्ही जीबीमध्ये मोजतात.

एसएसडी म्हणजे कोठार. तुमच्या फाइल, फोटो, विंडोज सगळं तिथे साठवलेलं असतं आणि वीज गेली तरी जागेवर राहतं. रॅम म्हणजे खळं. काम करायचं तेवढा माल कोठारातून खळ्यावर आणायचा, काम झालं की परत ठेवायचा. खळं लहान असेल तर सारख्या खेपा होतात, कॉम्प्युटर अडखळतो. आणि वीज गेली की खळ्यावरचं सगळं जातं. सेव्ह न केलेला फॉर्म पुन्हा भरावा लागतो तो याचमुळे.

रॅममध्ये डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ असे प्रकार आहेत. प्रत्येकाची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकाची रॅम दुसऱ्याच्या जागी बसतच नाही. ‘सोळा जीबी’ म्हणून डीडीआर३ दिली असेल तर तो सगळा सेटच जुना आहे हे ओळखा. एच६१० बोर्ड डीडीआर४चेही मिळतात आणि डीडीआर५चेही, म्हणून बोर्ड आणि रॅमची जोडी जुळते का ते आधी बघा. प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स वापरणार असाल तर सोळाची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन पट्ट्या बऱ्या, वेग जास्त मिळतो. पैसे कमी असतील तर आज आठची एक घ्या, दुसरी खाच मोकळी ठेवा आणि पुढच्या हंगामाला दुसरी टाका.

साठवणीत एकच नियम पाळा : विंडोज एसएसडीवरच हवं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर विंडोज असेल तर चांगला प्रोसेसर असूनही कॉम्प्युटर चालू व्हायला मिनिटं लागतात. साधी साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५०० एमबी माल उचलते, हार्ड डिस्क त्याच्या जेमतेम तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा. एनव्हीएमई नावाची एसएसडी साटापेक्षाही कितीतरी वेगवान असते. ती च्युइंगगमच्या पट्टीएवढी असते आणि थेट बोर्डवर बसते. घरात जुना कॉम्प्युटर पडून असेल तर नवा घ्यायच्या आधी त्यात फक्त एसएसडी टाकून बघा. कधी कधी तेवढ्यावरच काम भागतं.

ग्राफिक्स कार्ड : ‘चार जीबी’ला भुलू नका

मेसेजमधल्या ‘चार जीबी ग्राफिक्स कार्ड’चं काय? चार जीबी ही त्या कार्डावरची मेमरी आहे, ताकद नाही. स्वस्त सेटमध्ये बहुधा जीटी ७३०सारखं २०१४च्या काळातलं कार्ड असतं. रायझन फाइव्ह ५६००जीच्या पोटात जे ग्राफिक्स असतं, ते या कार्डापेक्षा बरंच चांगलं आहे, आणि त्याला वेगळे पैसे पडत नाहीत.

फॉर्म, टॅली, अभ्यास यांना ग्राफिक्स कार्डची गरज नाही. ते पैसे एसएसडी आणि यूपीएसला ठेवा. पुढे खरंच गरज पडली तर कार्ड नंतरही बसवता येतं.

एसएमपीएस : ज्याच्याकडे कुणी बघत नाही

भिंतीच्या बोर्डातून २३० व्होल्टची वीज येते. कॉम्प्युटरच्या पार्टना लागते १२ व्होल्ट किंवा त्याहून कमी. हे रूपांतर करणारा डबा म्हणजे एसएमपीएस. गावात जसा डीपी, तसा कॉम्प्युटरमध्ये हा. डीपी उडाला की कधी कधी घरातली उपकरणंही जळतात ना, तसंच हलका एसएमपीएस जाताना मदरबोर्डलाही घेऊन जाऊ शकतो.

कॅबिनेटबरोबर ‘फ्री’ मिळणारा एसएमपीएस बहुतेक वेळा फार हलका असतो. डब्यावर ४५० वॅट छापलेलं असतं, पण आत तेवढा दम नसतो. ग्राफिक्स कार्ड नसलेला साधा सेट प्रत्यक्षात दीडशे वॅटच्या आतच वीज घेतो, त्यामुळे मोठ्या आकड्याच्या मागे लागू नका. नावाजलेल्या कंपनीचा, ‘८० प्लस’ शिक्का असलेला, ४०० ते ४५० वॅटचा एसएमपीएस वेगळा विकत घ्या. कॅबिनेट साधं चालेल, फक्त हवा खेळती राहील असं बघा.

आपल्याकडची वीज आणि अर्थिंग

शहरातल्या माणसाने सांगितलेल्या पार्टच्या यादीत हा भाग नसतो. आपल्याकडे मात्र कॉम्प्युटर बिघडायचं मोठं कारण वीजच असते.

कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात? म्हणजे घरातलं अर्थिंग चालत नाही. एसएमपीएसमधून थोडी वीज पत्र्यावर येत असते, ती अर्थिंगच्या वायरीतून जमिनीत जायला हवी. अर्थिंगच नसेल तर ती तुमच्या हातातून वाट शोधते. अशा वेळी प्लगची तिसरी पिन काढून टाकणं किंवा टू-पिनचा जोड लावणं धोक्याचं आहे. वायरमनला बोलावून अर्थिंगचा खड्डा तपासून घ्या. कॉम्प्युटर घरी आणायच्या आधीच हे काम करा.

यूपीएस हवाच. साध्या घरगुती सेटला ६०० व्हीएचा पुरतो. तो तासभर चालवायचा नसतो. वीज गेल्यावर फाइल सेव्ह करून नीट बंद करायला जी काही मिनिटं लागतात, तेवढ्यासाठी तो असतो. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. त्याचा भार एकदम उसळतो आणि यूपीएस बंद पडतो. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याला ‘यूपीएस मोड’चं बटण आहे का बघा. ते चालू केलं तर वीज जाता-येता कॉम्प्युटर बंद पडत नाही.

विजा कडाडायला लागल्या की प्लग काढा आणि इंटरनेटची केबलही काढा. वीज त्या केबलमधूनही आत येते.

जुना घ्यायचा असेल तर

जुना घेणं चूक नाही. मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसमधून काढलेले, तपासून विकले जाणारे ब्रँडेड कॉम्प्युटर कमी पैशात चांगलं काम देतात. फक्त एक रेघ ओढून घ्या : इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची, एएमडीमध्ये रायझन ३००० मालिका किंवा पुढची.

ही रेघ का? विंडोज १०चा नेहमीचा सुरक्षेचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. आणि विंडोज ११साठी मायक्रोसॉफ्टने ज्या अटी घातल्या आहेत, त्यात इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर बाहेर पडतात. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोयही लागते. मेसेजमधला तो स्वस्त आय-सेव्हन इथेच अडकतो. त्यावर जुगाड करून विंडोज ११ टाकून देतात, पण पुढे अपडेट मिळत राहतील याची खात्री नसते. ज्या मशीनवर लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेचे तपशील भरले जाणार, तिथे ही जोखीम नको.

दुकानात मशीन चालू करून बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्समध्ये प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम आणि डिस्क एसएसडी आहे की हार्ड डिस्क, सगळं दिसतं. मोबाइलवर त्याचा फोटो काढा. पंधरा-वीस मिनिटं मशीन चालू ठेवा, व्हिडिओ लावा. ब्रँडेड मशीनचा एसएमपीएस बऱ्याचदा वेगळ्या मापाचा असतो, तो बिघडला तर कुठे मिळेल हेही विचारून ठेवा.

विंडोजचे पैसे धरा, नाही तर दुसरा रस्ता आहे

‘विंडोज टाकून देतो’ याचा अर्थ अनेकदा चोरीची कॉपी असा असतो. तसल्या कॉपीबरोबर व्हायरसही येऊ शकतो. ओरिजिनल घ्यायचं तर त्याचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा. टॅली विंडोजवरच चालतं. अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअरही बहुधा विंडोजसाठीच दिलेलं असतं. त्यामुळे दुकान टाकणाऱ्याला विंडोज लागणारच.

फक्त अभ्यास, टायपिंग आणि इंटरनेट असेल तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू फुकट मिळतं, कायदेशीर आहे आणि मराठी टायपिंगही होतं. जुन्या मशीनवर तर तेच बरं.

कोटेशन असं मागा

आता शेवटची आणि सगळ्यात कामाची गोष्ट. तालुक्याला, जिल्ह्याच्या गावाला किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, कुठेही घ्या. दुकानदाराला सांगायचं, ‘भाऊ, प्रत्येक पार्टचं कंपनी, मॉडेल आणि वॉरंटी लिहून द्या.’

‘आय-थ्री, बोर्ड, आठ जीबी’ असं लिहून दिलं तर परत द्या. ‘इंटेल आय-थ्री १२१००, बॉक्स, तीन वर्षं वॉरंटी, एच६१० बोर्ड, कंपनी अमुक, डीडीआर४, आठ जीबी डीडीआर४, एक पट्टी, ५०० जीबी एनव्हीएमई, कंपनी आणि मॉडेल, ४५० वॅट एसएमपीएस, ८० प्लस, कंपनी आणि मॉडेल’ असं हवं. प्रोसेसर ‘बॉक्स’ आहे की ‘ट्रे’, हेही विचारा. बॉक्समधल्याला कंपनीची वॉरंटी असते आणि या मॉडेलबरोबर पंखाही येतो. ट्रेच्या मालाला वॉरंटी फक्त दुकानदाराची.

भाव सारखे हलतात, त्यामुळे दोन-तीन दुकानांतून एकाच दिवशी कोटेशन घ्या, तरच तुलना होते. मॉनिटर, कीबोर्ड, माउस, यूपीएस, विंडोज हे सगळं धरून एकूण आकडा काढा. घरात एचडीएमआयवाला टीव्ही असेल तर सुरुवातीला मॉनिटरचं काम तोही करतो.

जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर असावेत. ‘बिल नको असेल तर अठरा टक्के वाचतील’ असं कुणी म्हणालं तर वॉरंटीही गेली असं समजा. सगळ्या पार्टचे रिकामे बॉक्स घरी आणा, वॉरंटीच्या वेळी लागतात. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. तिथेही पहिली गोष्ट मागतील ती बिलच.

आता तो अठरा हजारांचा मेसेज पुन्हा उघडा. त्याला रिप्लाय करा : ‘आय-सेव्हन कितवा? पूर्ण नंबर सांगा. बोर्ड कुठला? रॅम डीडीआर किती? एसएसडी की हार्ड डिस्क? पक्कं बिल मिळेल का?’ सगळ्या प्रश्नांची सरळ उत्तरं आली तर खुशाल बघायला जा. ‘तुम्ही या तर, समोरासमोर बोलू’ असं उत्तर आलं, तर तुमचे अठरा हजार वाचले.